चौथ्या पानावरची ओळ

सोमवार, १० नोव्हेंबर २०१४

तेच डॉक्टर.

अनंतराव म्हणाले, "आई, ऑफिसच्या विम्याच्या यादीत हेच हॉस्पिटल आहे. आणि डॉ. खांबेट्यांसारखा हात पुण्यात नाही." जावयाला काय सांगू? तो हात मला माहीत आहे. अठरा वर्षांपूर्वी ह्यांच्या मेंदूचं ऑपरेशन त्यांनीच केलं. बाहेर येऊन म्हणाले, "क्लिप उत्तम बसली." पण ह्यांच्या तोंडून त्यानंतर एक शब्द फुटला नाही. उजवा हात हलला नाही. अकराव्या दिवशी गेले.

आता माझ्या लेकीला, सुहासिनीला, तसाच फुगा – मेंदूतल्या नसेला. फुटलेला नाही, तोवर क्लिप लावायची. धायरीहून आली ती वाटेत मंडईतून मटार घेऊन. सोलता सोलता सांगितलं मला. मी शेंगा मोजल्यासारखी खाली बघत राहिले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ह्यांची फाईल काढली. माझी शाळा सातवीपर्यंत. अप्पा बळवंत चौकातून जुनी डिक्शनरी आणली होती ती ही इंग्रजी फाईल वाचायलाच. सगळे शब्द लागले. काय बिनसलं, ते कुठेच नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सुहासिनीला दाखल केलं. शिकाऊ डॉक्टरीण संमतीचा कागद घेऊन आली. "काकू, वाचायला वेळ लागेल, पेशंटची सही घेते फक्त."

"वाचू नये असं लिहिलंय का कुठे?"

मी वाचायला बसले. ती सुहासिनीला विचारते, मासे, कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठतं का? "आमच्याकडे मासा फक्त अंकलिपीत," मी म्हटलं. मेंदूच्या ऑपरेशनला कोळंबी कशाला?

"रंगात आयोडीन असतं ना, म्हणून."

कसला रंग? चौथ्या पानावर सापडलं. ऑपरेशन चालू असताना शिरेतून हिरवा रंग सोडणार, नसांचं चित्र घेणार. ह्यांच्या कागदात हे नव्हतं. म्हणजे नवीन प्रयोग. आणि तो माझ्या मुलीवर.

ती ओळ पेनानं खोडली. मग कागद सुहासिनीपुढे धरला. तिनं न बघता सही केली. मी वाचलाय म्हटल्यावर ती कशाला बघेल?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डॉक्टर स्वतः आले. केस पांढरे झालेत.

"हे कुणी खोडलं?"

"मी."

"कुसुमताई, क्लिप लावताना शेजारची बारीक नस चिमटली जाऊ शकते. रंग सोडला की रक्त वाहतंय त्या नसा उजळतात. जी काळी राहील ती बंद. लगेच क्लिप हलवता येते."

"तेव्हा काय बघून 'उत्तम' म्हणालात?"

"तेव्हा हा रंग नव्हता. डोळ्यांनी बघितलं."

"आणि आता डोळे पुरत नाहीत?"

माझ्याकडे न बघता कागद परत दिला. मग म्हणाले, "नाही पुरत."

काहीतरी लपवतात. अठरा वर्षं वाटतंय, आजही वाटलं. पण फसवायचंच असतं तर 'नाही पुरत' कशाला म्हणाले असते?

ती ओळ खाली माझ्या हातानं पुन्हा लिहिली. या वेळी सुहासिनीनं वाचली, सही केली. म्हणाली, "आई, अक्षर डॉक्टरांपेक्षा बरं आहे तुझं."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सहा तास. डॉक्टर बाहेर आले. मी उठले नाही.

"रंग सोडला तेव्हा एक नस काळी राहिली. क्लिप काढून परत लावली. आता चालू आहे."

"चित्र दाखवा."

अनंतरावांनी माझा दंड धरला. डॉक्टरांनी दाखवलं. काळ्यावर पांढऱ्या फांद्या. पहिल्या चित्रात एक फांदी नाही. दुसऱ्यात आहे.

मी खोडलेलं तसंच राहिलं असतं तर –

शनिवार, १५ नोव्हेंबर

बोलली. "पाणी" म्हणाली.

रविवार, १६ नोव्हेंबर

अनंतराव जेवायला गेले होते. डॉक्टर एकटेच आले, स्टूल ओढून बसले. म्हणाले, "कुसुमताई, तुमच्या मिस्टरांची हीच नस चिमटली होती. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये मला दिसलं. तुम्हाला सांगितलं नाही. फाईलमध्येही लिहिलं नाही."

सुहासिनी झोपली होती. तिच्या उजव्या मुठीत माझं बोट घट्ट होतं. म्हणून मला उठून जाता आलं नाही.