दोघींची सायकल

आई, हल्ली मी दुसऱ्याच्या मागे बसून सायकल चालवते. हे ऐकून तू चष्मा कपाळावर ढकलला असतास आणि म्हणाली असतीस, "तू? आणि मागं?" म्हणून आधी तेवढं सांगून टाकते, बाकीचं सावकाश. इथे परदेशात, नावन गावात, सकाळपासून पाऊस आहे, तुझे जावई ओट्यापाशी भांडी पुसतायत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाड काळ्या पेनानं मोठ्या अक्षरांत लिहितेय. बारीक अक्षर आता मला दिसत नाही.

डोळ्यांचं असं झालंय की बरोबर मधोमध एक करडा डाग बसलाय. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. कडेकडेचं मात्र लख्ख दिसतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी शब्द फिरवले नाहीत. गाडी बंद, रस्त्यावरची सायकलही बंद. मी घरी आले, गाडीची किल्ली ह्यांच्या हातात दिली, सायकल मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवली आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. नोकरीची सगळी वर्षं मी औषधांच्या गोळ्या तपासल्या. तिथं नापास म्हणजे नापास, त्यावर चर्चा करत बसायचं नसतं. तसंच मी स्वतःचंही ठरवून टाकलं. आता खिडकीजवळची खुर्ची, रेडिओ आणि कुणी नेईल तिथं जाणं. मी रडले वगैरे नाही. पण सकाळी उठून पायांना काहीच काम नसतं तेव्हा पाय रागावतात, हे मला नवीन होतं.

तुझी नात इथून जवळ लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तू तिला पाहिलं नाहीस. उंच आहे, घाईत असते, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत देते, तेही इथला हेल काढून. एका शनिवारी ती कुणाची तरी व्हॅन घेऊन दारात आली आणि तिनं आतून लांबलचक सायकल उतरवली. टँडम. दोन सीटा, दोन पायडलांच्या जोड्या, पण हँडल फिरतं ते फक्त पुढचं, ब्रेकही पुढंच. मागच्याला धरायला नुसती एक मुठींची दांडी. मला म्हणाली, "हेल्मेट घाल, आई. यू विल बी ग्रँड." इथं ग्रँड म्हणजे काही होत नाही, ठीक असशील. मी म्हटलं, "मी ओझं नाही मागं बांधायला." हे दारातूनच म्हणाले, "एवढ्या वर्षांच्या संसारात हिला कुणाच्या मागं बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. थांबा, फोटो काढतो." त्यांना गप्प करण्यासाठी मी बसले.

इथं गावाबाहेर जुनी रेल्वे होती. रूळ काढून त्या जागी सायकलींसाठी वाट केलीय, मोटारींना मज्जाव. दोन्ही बाजूंना कुंपणाची झाडं, पलीकडे गाई. निघालो तशी मी मागून सुरू झाले. डावीकडे घे. हळू. कुत्रं आलं वाटतं. ब्रेक लाव. थोडं अंतर तिनं ऐकून घेतलं, मग एक पाय टेकून थांबली आणि न वळता म्हणाली, "आई, आय कॅन सी." मला दिसतंय. एवढंच. मग तिचं तिलाच कळलं आणि तिची मान मागून लाल झाली. मी जरा बाजूला बघत होते, म्हणून ती मला कडेनं दिसली. तिनं पायडल मारलं. पुढच्या वळणावर ती उजवीकडे कलली, मी घाबरून डावीकडे झुकले आणि सायकल आम्हाला घेऊन सरळ काटेरी झुडपात शिरली. काटे काढता काढता ती म्हणाली, "व्हेन आय लीन, यू लीन. नाहीतर आपण कुठंच जाणार नाही." मी तशीच बसून राहिले, कारण हे मी आधी ऐकलं होतं. तुझ्या तोंडून.

तासगावकडचा तो मुरमाचा रस्ता. तू नर्सबाई, दवाखान्याची सायकल तुला मिळालेली, आणि मला घरी ठेवायला कुणी नाही, कारण बाबा बदलीच्या गावी. म्हणून मी कॅरिअरवर, घडी घातलेल्या पोत्यावर. पदर खोचून तू टांग मारायच्या आधी विचारतेस, "बसलीस का?" आणि मी म्हणते, "बसले." तोवर तू पायडल मारत नाहीस. बॅग हँडलला, बॅगेत उकळलेल्या सुयांचा डबा, त्याचा बारीक खुळखुळ. मला पुढचं काहीच दिसत नाही. पुढं तुझी पांढऱ्या लुगड्याची पाठ. दिसतात त्या दोन्हीकडच्या द्राक्षबागा, दगडी खांबांवर चढवलेले मांडव, मांडवाखालचा हिरवा अंधार आणि मधूनच हात वर करून काम करणाऱ्या बायका. "नर्सबाई, कुणाकडं?" त्या ओरडतात. "पोचल्यावर कळंल!" तू ओरडतेस. पाटाच्या वळणावर मी एकदा भिऊन उलटी झुकले आणि आपण दोघी पालथ्या. डबा उघडला, सुया मातीत. तू आधी सुया वेचल्यास, मग माझा गुडघा पाहिलास. "मी कलले की तूबी कलायचं. पुढं कोण हाय, मी हाय न्हवं? मग मागच्यानं निस्तं बसावं." आणि ज्या घरी निघालो होतो तिथं बाळ झाल्यावर, कधी कुणाकडून कपभर चहाही न घेणारी तू, घरातल्या बाईनं माझ्या गुडघ्याकडे बघून पुढं केलेल्या द्राक्षांच्या घडाला नाही म्हणाली नाहीस. परतीच्या वाटेवर तो माझ्या मांडीवर होता. तू मागं न बघता हात करायचीस आणि मी तुझ्या तळव्यावर एकेक मणी ठेवायची.

झुडपापाशी बसून मी हे सगळं तुझ्या नातीला सांगितलं. ती हसली नाही. "बसलीस का," तिनं म्हणून पाहिलं. इथल्या हेलात ते काहीतरीच वाटलं. आम्ही पुन्हा निघालो. नंतरचे कितीतरी शनिवार निघालो, वाऱ्यात, बुरबुर पावसात, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हवेबद्दल काहीतरी बोलत. मी सूचना द्यायचं सोडलं असं म्हणणार नाही. ओठ मिटून द्यायला शिकले.

मग मे महिन्यात ती मला स्पेनला घेऊन गेली. तिथंही जुन्या रेल्वेचीच वाट, पण बारीक खडीची, आणि पाऊस नावाला नाही. आई, त्या वाटेवर दिवसभरात एक मोटार दिसत नाही. आवाज फक्त चाकाखालच्या खडीचा, पाट वाहत असावा तसा एकसारखा. वाट कुठं चढते ते पायांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. पडकी स्टेशनं येतात, फलाटावर अंजिराचं झाड उगवलेलं, घड्याळाच्या जागी गोल भोक. बोगदे येतात. आत शिरलं की अंग गार होतं आणि दिव्याच्या एवढ्याशा उजेडात ती आणि मी सारख्याच आंधळ्या. ती कुजबुजते, मी कुजबुजते, भिंत दोघींचं परत देते. बाहेर आलं की ऊन एकदम अंगावर पडतं आणि वेली सुरू होतात.

तुला हसू येईल, तिथं मांडव नाहीत. खांब नाही, तार नाही. एकेक वेल तुरीच्या झाडासारखी आपल्या पायांवर उभी, गुडघ्याएवढी, तांबड्या मातीत दूरवर रांगा. मण्यांचा आकार जेमतेम मोहरीएवढा. मी मान सरळ ठेवते. समोर तिची पाठ आहे, म्हणजे त्या जागी करडा डाग आहे. आणि दोन्ही बाजूंनी रांगा उलगडत येतात, स्वच्छ, पानपान सुटं. पुढचं काही दिसत नाही, कडेचं सगळं दिसतं. किती तरी वेळ काय आठवतंय ते मला कळेना. मग एका वळणावर कुणीतरी गंधकाची भुकटी मारत होतं, त्याचा तो आपल्या तासगावच्या बागांतला पिवळा, नाकात बसणारा वास आला, आणि समोरची पाठ पांढरी झाली.

दुपारी आम्ही बदामाच्या झाडाखाली पाव खाल्ला. नंतर लांब उतार होता. तिनं हेल्मेटचा पट्टा ओढला, पुढं बसली आणि विचारलं, "बसलीस का?" या वेळी हेल कुठं गेला कोण जाणे. मी म्हटलं, "बसले." उतार संपला, सपाटी आली, मग अगदी हलका चढ. वाट कलली की मी कलत होते. वारा गरम होता. एकदा तिनं मागं न बघता हात केला, पाण्याच्या बाटलीसाठी, आणि मी बाटली दिली. हातात द्राक्षं नव्हती याचं मला क्षणभर आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर ती म्हणाली, "यू वेअर फ्लाइंग बॅक देअर, आई. मस्त चालवलीस." मी म्हटलं, "हं." पुढच्या वर्षी पुन्हा जायचं ठरलंय. शेडमधली माझी सायकल शेजारणीच्या मुलीला देऊन टाकली. टँडमला जागा हवी होती.

पाऊस थांबत नाहीये. भांडी पुसून झाली, हे आता विचारतील काय लिहितेस. हा कागद मी इथंच प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, पोळीच्या पिठाच्या डब्यामागे ठेवीन. तिथं दुसरं कुणी हात घालत नाही. पण एक सांगते, तिला सांगितलेलं नाही. त्या हलक्या चढावर मी पायडल मारतच नव्हते. टँडमची पायडलं आपोआप फिरतात, त्यांवर नुसते पाय ठेवले तरी चालतं, पुढच्याला पटकन कळत नाही. पुढं तू होतीस. मी नुसती बसले होते.