अंबत्तूरची उपासना

मद्रास, ऑगस्ट १९८१

प्रिय आईस मार्थाचा प्रभूमध्ये सलाम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

मनासारखं चर्च मिळालं. आधीच्या दोन ठिकाणी ऑर्गनवरच्या गाण्यांत जीव रमेना. अंबत्तूरला मात्र आपल्या जालन्यासारखं चटईवर बसून टाळ-ढोलकीवर भजनं गातात.

रविवारी पुरुषांच्या बाजूने आपल्या शांतवनचा आवाज आला. त्याला मातीत ठेवून वर्ष झालं, तरी मी वळून वळून शोधत राहिले.

शेजारी बसलेल्या ज्ञानम्मा पूर्वी पुण्याला होत्या. त्यांनी मराठीतच विचारलं, “कोणाला शोधतेस?”

“भावाला. तो वारला.”

त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाल्या, “पुढच्या वेळी खांबापाशी बस. तिथे पुरुषांचं गाणं नीट ऐकू येतं.”

बाबांना सांगू नकोस, ते उगाच काळजी करतील. मी तिथेच बसणार आहे.

तुझी लेक,
मार्था