डोळे मिटून पाहिलेले इंग्रजी सिनेमे

बुऱ्हाणपूर,
१६ जुलै १९५७

ती. दत्तात्रयदादांस विनायकचा साष्टांग नमस्कार.

नागपुरात तुमचा दमा कसा आहे? वहिनींचे गुडघे? इकडे सारे ठीक. माझा घसा मात्र जन्मात प्रथमच विश्रांती घेतो आहे, त्याचीच ही हकीकत.

गेल्या साली नवा हिंदी प्रांत झाल्यापासून आमच्या शाळेचा मराठी वर्ग (अठ्ठावीस मुलं) बंद करायचं घाटत होतं. सुनावणी शिक्षणखात्याच्या नव्या साहेबांपुढे. साहेब दक्षिणेकडचे, बोलणं सारं इंग्रजीत. इंग्रजी मी कपाटं भरून वाचलं, पण कानांनी कधी ऐकलं नाही. म्हणून तीन महिने दर रविवारी सकाळी टॉकीजमध्ये जाऊन बसलो, तेही डोळे मिटून. (चित्र दिसलं की कान आळशी होतात, असा माझा सिद्धान्त.) अमेरिकन माणूस तोंडात विडा धरून बोलतो, विलायती साहेब ओठ न हलवता. एक आयरिश पाद्री होता, तो तर बोलता बोलता गातच होता. शेजारी फोपनारचे केळीवाले सुकलाल. त्यांचा नातू याच वर्गात. ते सारखे कोपर मारीत, "गुरुजी, काय म्हनतो तो?" मला कुठे कळत होतं? पण वक्त्याला गप्प बसवत नाही. घोड्यावरच्या त्या गोऱ्याच्या तोंडी मी मातृभाषेवरचं माझं आख्खं भाषण घातलं. सुकलालांनी डोळे पुसले. म्हणाले, "गोरा हाय, पन मानूस आपला हाय."

पुढे पुढे शब्द विरघळले, नुसता नाद उरला. तापीच्या पाण्यात पाय सोडून बसावं तसं वाटे. तिथेच घात झाला. सुनावणीच्या दिवशी साहेब बोलू लागले आणि मला नारळाच्या झावळ्या हलताना दिसल्या, ओल्या वाळूवर कुणी होड्या ओढत होतं. चाळीस मिनिटं मी मान डोलावली. लिहून नेलेलं भाषण खिशातच राहिलं. शेवटी साहेबांनी प्रेमाने माझा हात दाबला. बाहेर सुकलालांनी विचारलं, काय बोलले? मी म्हणालो, फार सुंदर.

"ते ऱ्हाऊ द्या गुरुजी. वर्ग ऱ्हातो का जातो?"

तुमचा,
विनायक

ता. क. काल हुकूम आला. सोबत जोडला आहे. मला वाचता येतो, पण कशाला मान डोलावली ते पाहायचं धैर्य नाही. लिफाफा तुम्हीच फोडा.

आणखी ता. क. हुकूम काय आहे ते कळेपर्यंत वर्ग चालू राहील, असं मी मुलांना सांगितलं आहे. तेव्हा उत्तराची घाई करू नये. वार्षिक परीक्षा एप्रिलात संपते.