लाल पाटीखालची पावती

प्रिय अण्णा,

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. भरल्या पंगतीत, सगळ्यांदेखत, तुमच्या सख्ख्या पुतण्यानं, विलासनं, मला विचारलं, "अण्णा गेले, त्यांचा जकात नाका तर कवाच गेल्ता. आता कोनाला दाखवती गं ताई पावती?" लोक खो खो हसले. मी हातातलं खिरीचं भांडं तसंच धरून पुढच्या पानाकडे गेले. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून, घाबरून नाही! आता सगळे गेलेत, आई जरा आडवी झाली आहे, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे. त्याला नाही. तुम्हाला.

भांडण कॅमेऱ्यावरून आहे. विलास लग्नांचं शूटिंग करतो, टेंभुर्णीपासून जाफराबादपर्यंत त्याचं नाव झालंय. त्याला नवा कॅमेरा पाहिजे होता. दुबईत स्वस्त मिळतो, आणि मी तिथं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. मग आणणार कोण? मीच की! फोनवर त्यानं मला सगळं बराबर पढवलं. "बॉक्स तिथंच फेकून दे. कॅमेरा गळ्यात अडकव, चार फोटो काढ, म्हंजे वापरातला दिसंल. अन् हिरव्या पाटीखालून जल्दी बाहेर नीघ."

विमानतळावर दोन पाट्या असतात अण्णा. कर भरण्यासारखं काही आणलं नसेल तर हिरवी, आणलं असेल तर लाल. तुमच्या नाक्याइतकं सोपं आहे ते.

मी बॉक्ससकट आणला. लाल पाटीखालून गेले, ड्यूटी भरली, पावती घेतली. त्यात माझी जालन्याची गाडी चुकली. भरलेल्या ड्यूटीतला एक रुपया मी विलासकडे मागितलेला नाही. मग त्याला एवढं झोंबलं कशाला?

औरंगाबाद रोडवरचा तुमचा तो पत्र्याचा नाका मला अजून जसाच्या तसा आठवतो. ट्रकच्या धुरानं काळं पडलेलं टेबल, आणि तुमची ती पावतीपुस्तकं. दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात, वह्या पुजतात. तुम्ही पावतीपुस्तकं पुजायचात! पहिल्या पानावर कुंकवाचं बोट माझं असायचं. "संगू, पावती म्हंजे आपली लक्ष्मी," म्हणायचात. बाकीचे कारकून हसायचे, तरी तुम्ही मला दरवर्षी सायकलवरून घेऊन जायचातच.

त्यापायी काय झालं माहीत आहे का? दुबईत कॅमेरा घरी आणल्याबरोबर मी दिवा लावला आणि बिलाला कुंकू लावलं. तेलाच्याच बोटानं! त्या गुळगुळीत कागदावरचा आकडा उडाला, आणि उरला होता त्यावर कुंकू बसलं. मुंबईला कस्टमचा साहेब ते बिल खाली-वर करून बघतोय. "मॅडम, किंमत कुठंय?" मी म्हटलं, "कुंकवाखाली." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं! मग कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याची किंमत शोधली. दुकानदारानं मला दिलेली सूट त्यात कुठून असणार? जास्त किमतीवर ड्यूटी बसली. भरली. तुमची शिकवण मला किती महाग पडते, बघा!

आणि आईचा मिक्सर विसरलात का? मामानं भाऊबीजेला औरंगाबादहून आणलेला. तेव्हा आपण जालन्यात भाड्याच्या खोलीत राहायचो. तुम्ही सख्ख्या मेव्हण्याला नाक्यावर उतरवलंत, खोका उघडायला लावलात, आणि स्वतःच्या खिशातून जकात भरून आईच्या नावाची पावती फाडलीत. मामा चहा न घेता परत गेला. आई पुढे महिनाभर पाट्यावरच चटणी वाटत होती, मिक्सरला तिनं हात लावला नाही. लहानपणी मला तुमचा फार राग यायचा. इतरांचे बाप सोडतात तसं तुम्हाला सोडता का येत नाही?

पण एकदा सोडलंत अण्णा. मला.

विलासचा हा दुसरा कॅमेरा आहे. पहिला तीन वर्षांपूर्वी आणला होता. तेव्हा मी तो गळ्यात अडकवूनच बाहेर पडले होते. हिरव्या पाटीखालून, अगदी ताठ मानेनं. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "पावती कुठंय?" मी म्हटलं, "बॅगेत असंल." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "सापडली का गं संगू?" "सापडंल की अण्णा!" तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही.

का नाही विचारलंत? मामाला सोडलं नाहीत, आईला सोडलं नाहीत, मग माझ्यावरच ही मेहरबानी कशाला? ओरडायचं होतंत! बॅग ओतायला लावायची होतीत! लेक दूर राहते, चार दिवसांसाठी आली आहे, म्हणून गप्प बसलात ना? ते गप्प बसणं मला तुमच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. आणि मी खरं सांगायच्या आत तुम्ही निघून गेलात.

या वेळी त्या साहेबाला मी विचारलंसुद्धा, "मागच्या एका कॅमेऱ्याची ड्यूटी आता भरता येईल का?" तो म्हणाला, "मॅडम, मागं लाइन आहे, पुढं चला." म्हणजे ती राहिलीच. ती पावती कधी नव्हती अण्णा. मी खोटं बोलले होते. तुम्हाला ठाऊक होतं, तरी आज लिहून देते.

पण असं समजू नका की मी तुमच्या धाकानं लाल पाटीखालून गेले. मेलेल्या माणसाचा कसला धाक? मी गेले कारण माझी मान मला खरोखरची ताठ हवी होती. विलासला हसू दे. पंगतीला हसू दे. उद्या तिसरा कॅमेरा मागितला तर पुन्हा अशीच आणीन, बिलकुल अशीच! घ्यायचा असेल तर घे म्हणावं, नाही तर राहिला.

पावती तुमच्या फोटोपुढे ठेवली आहे. कुंकू लावलंय, पण कोपऱ्यात. आकडा नीट वाचता येतो, चष्मा न लावताही.

आणि आज शब्द देते. यापुढे कुठूनही काहीही आणलं, तरी बॅग उघडण्याआधी पावती तुमच्या पुढ्यात येईल. तुम्हाला विचारावं लागणार नाही.

जकात कारकुनाची लेक,
संगू