सुट्टीचा सीन

सोमवार, ४

मालकांनी परस्पर होकार देऊन टाकला! सकाळी फोनवर सांगून मोकळे— "आठ-दहा दिवस सिनेमावाले येतील, दुपारनंतर लाँड्री त्यांच्या ताब्यात द्यायची. तुम्ही सांभाळून घ्यालच." घेईनच. एकवीस वर्षं सांभाळतेच आहे. चार हॉटेलं, दोन दवाखाने, दिवसाला अठराशे चादरी— आणि आजवर एक अभ्रा चुकीच्या गठ्ठ्यात गेलेला नाही. सिनेमा ती काय चीज!

विनोदी सिनेमा आहे म्हणे. लाँड्रीतले कामगार आपल्या साहेबिणीला वैतागलेले असतात आणि तिला पळवून लावायचे नाना बेत करतात. सगळे बेत त्यांच्याच अंगाशी येतात. बघायला मजा येईल.

जेवताना ह्यांना सांगितलं. घास हातातच ठेवून हसायला लागले. "बरा पत्ता सापडला त्यांना!" म्हटलं, म्हणजे? "काही नाही. पाणी दे."

मंगळवार, ५

साहेबिणीचं काम करणारी नटी आज माझ्या केबिनमध्ये येऊन बसली. पडद्यावर नुसती आली तरी लोक हसतात, पण प्रत्यक्षात अगदी गरीब गाय. म्हणाली, "ताई, मी कोपऱ्यात बसते. तुम्ही तुमचं काम करा."

मला तिची हुशारी आवडली. वाईट साहेबीण करायची तर आधी चांगली कशी असते ते बघायला हवं ना! मग मीही हातचं राखलं नाही. डाग कशाचा आहे ते नुसत्या वासावरून कसं ओळखायचं, घड्या घालणाऱ्या तिन्ही टेबलांवर एकाच जागेवरून नजर कशी ठेवायची, सगळं दाखवलं.

तिनं विचारलं, "तुम्ही कधीच ओरडत नाही?"

"गरज पडत नाही."

हे वाक्य तिनं वहीत उतरवून घेतलं.

बुधवार, ६

नटीनं आज माझ्या चष्म्याची दोरी कुठे मिळते ते विचारलं. किती साधी!

शुक्रवार, ८

आज पहिलं शूटिंग. आमच्याच बायकांना मागे उभं करणार होते, त्यामुळे सकाळपासून सगळ्यांचं लक्ष केसांवर. इस्त्रीवालीला तर चक्क एक वाक्य मिळालं! तेरा वर्षं माझ्याकडे आहे, दिवसाला दहा शब्द बोलली तर जास्त झाले. "साहेबीण आली"— एवढंच म्हणायचं होतं. फक्कड म्हणाली.

आणि साहेबीण आली. करडा कोट. खिशाला दोन पेनं. चष्मा दोरीला लोंबतोय. टेबलापाशी आली, दोन बोटांनी चादरीचा कोपरा उचलला— मेलेला उंदीर उचलावा तसा— आणि कोणाकडे न बघता म्हणाली, "हे कोणाचं?"

हशा! दिग्दर्शकाला दोनदा थांबवावं लागलं. घड्या घालणाऱ्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या, चादरी दाबायच्या रोलरवरचा माणूस खाली बसला. मीही पोट धरून हसले.

मला कळायला जरा वेळ लागला. तोवर मी हसत होते.

शनिवार, ९

ह्यांना सरळ विचारलं, "मी अशी आहे?"

पेपरची घडी घातली. उलगडला. परत घातली. "घरी नाहीस."

हे काय उत्तर झालं?

असो. दिवसभर विचार केला आणि माझं म्हणणं कायम आहे. त्या चादरींवर आजारी माणसं झोपतात. एका डागानं काय होऊ शकतं ते या बायकांना माहीत नाही, मला माहीत आहे. हसतात तर हसोत. करडा कोट मला शोभतो. दोन पेनंही लागतातच.

सोमवार, ११

हे नीट लिहून ठेवायला हवं.

आज सुट्टीच्या सीनची तालीम होती. एक कामगार बाई केबिनमध्ये येते, आई शेवटच्या घटका मोजतेय, घरी जायचंय. साहेबीण किंचाळते, अर्ज टराटरा फाडते, बादली फेकते आणि त्याच साबणाच्या पाण्यावरून स्वतःच घसरून पडते. नटी पडली काय सुरेख! सगळे हसत सुटले.

इस्त्रीवाली तेवढी हसली नाही. मान खाली घालून शर्टाची कॉलर दाबत राहिली. कॉलर केव्हाच झाली होती.

तिच्याकडे बघता बघता आठवलं. हे झालंय. इथेच. माझ्या केबिनमध्ये, माझ्या हातून. ती दारात उभी होती. दवाखान्याचा मोठा माल यायचा होता, चार जणी आधीच कमी होत्या. मी सोडलं नाही. आई त्याच संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांकडून वर्गणी काढून हार पाठवला आणि विषय मिटला असं समजले. इतकी वर्षं त्याचा विचारसुद्धा शिवला नाही मनाला.

पण मी किंचाळले नव्हते! मला तेच झोंबलं. तालीम संपल्यावर तडक दिग्दर्शकाकडे गेले.

"हे असं झालं नव्हतं."

तो गोंधळला. "मॅडम, हा सीन आम्हीच रचलाय. कुठे झालं होतं?"

"इथे. आणि साहेबीण ओरडली नव्हती. ती लिहीत होती. लिहिता लिहिताच म्हणाली, घरी भाऊ-भावजय आहेत ना? मग तू जाऊन वेगळं काय करणार? शनिवारी जा. आणि जाताना दार ओढून घे."

कोणी हसलं नाही. दिग्दर्शकानं मान खाजवली. "पण आमचा सिनेमा विनोदी आहे, मॅडम."

"असू दे. करताय तर नीट करा."

नटी माझ्याकडे टक लावून बघत होती. मग त्याला म्हणाली, "मी असंच करणार. बादली काढून टाका."

बुधवार, १३

सीन एका फटक्यात झाला. आवाज नको म्हणून सगळी यंत्रं बंद ठेवली होती. लाँड्री इतकी शांत मी कधी ऐकलीच नव्हती. नटीनं आवाज चढवला नाही. "दार ओढून घे" तर इतकं सहज म्हणाली की अंगावर काटा आला.

ती येऊन माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, हे सांगायला धाडस लागतं."

लागतंच! खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. सगळ्यांसमोर स्वतःची चूक उघडी करणारे साहेब असतात किती? आमच्या मालकांना जमेल? टेबलांमधून केबिनकडे गेले तेव्हा बायकांनी बाजूला होऊन वाट दिली. माझी मान ताठ होती.

आता एकच राहिलं. इस्त्रीवालीशी बोलायचं. केबिनमध्ये बोलावून नाही, तिच्या टेबलापाशी जाऊन. आडवळणानं बोलणं मला जमत नाही आणि आवडतही नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आधी तिला बोलू दे." तिला काय बोलायचंय यात? माफी मी मागणार आहे.

गुरुवार, १४

सिनेमावाले गेले. तीन अभ्रे कमी भरले! नक्कीच त्यांच्या पेटाऱ्यात गेले असणार.

आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. छोटं वाक्य बरं. रडायचं नाही. तिला रडू आलं तर पाठीवर हात ठेवायचा. पंधरा दिवस भरपगारी सुट्टी द्यायची असंही ठरवलं, मालकांना मी बघून घेईन. उद्या सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी.

शुक्रवार, १५

बोलले. सगळ्यांसमोर. "तुझी आई गेली तेव्हा मी तुला घरी जाऊ दिलं नाही. माझं चुकलं."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"माझी आई घरी आहे, मॅडम. सकाळी डबा तिनंच भरून दिला."

मला वाटलं, माझं ऐकण्यात काही चुकलं. तिनं आवाज खाली केला, मला लाज वाटू नये म्हणून.

"सुट्टी न मिळालेल्या तशा चौघी होत्या. तुम्ही कोणतीचं म्हणताय?"