ठेच

प्रिय टिटवे,

तुझा कागद पोचून तीन आठवडे झाले. टपाल उशिरा आलं असं मावशीला फोनवर सांगितलं, ती चक्क थाप होती. कागद माझ्या खणातच होता, हातमोज्यांच्या खोक्याखाली. मावशीला तुझी कायमची पालक करायची, त्याला आईची संमती हवी. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर सही लागते आणि आई कायम दूर त्या समुद्राकाठी, हे तू लिहिलंस ते काही खोटं नाही. पण बये, पंधराव्या वर्षी इतकं मुद्देसूद लिहायला तुला शिकवलं तरी कोणी?

तू मागे विचारलं होतंस, तिथे नक्की करतेस काय. काचेचे गोळे बंद करते. कलिंगडाएवढे, आत प्रकाश टिपणारी यंत्रं. दोन अर्धे जुळवायचे, आतली हवा ओढून घ्यायची, कडेने पट्टी लावायची. आत एक केस राहिला तरी सगळं उघडायचं; टोपी घालून घालून मला टक्कल पडायची वेळ आलीय. मग गोळ्यांची माळ जहाजावरून साडेतीन किलोमीटर खोल सोडतात. एकदा गेली की गेली, दुरुस्ती नाही. हा सगळा खटाटोप न्यूट्रिनो नावाच्या कणासाठी. ते कोट्यवधींनी आपल्या अंगातून आरपार जातात आणि पत्ताही लागू देत नाहीत. क्वचित एखादा पाण्यात धडकतो आणि निळसर उजेड चमकतो. तो दिसायला तळाचा काळोख लागतो.

माणसं चांगली आहेत इथली. पण सुट्टीच्या दिवशी खोली खायला उठते गं. मग मी उगाचच कामावर येते आणि हवा ओढायचा पंप सुरू करून बसते. तेवढीच आवाजाची सोबत.

आता खरं सांगते. माझं काम गेल्या वर्षीच संपलं होतं. मुदत आपोआप वाढली नाही, मी अर्ज करून वाढवून घेतली. मागच्या सुट्टीत आले होते तेव्हा उंबऱ्याला तुला ठेच लागली आणि तू कळवळून ओरडलीस, “मावशी गं!” सगळं जग अशा वेळी “आई गं” म्हणतं. तुम्ही दोघी हसलात. मीही हसले, माय मरो पण मावशी जगो म्हणाले, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तुझा राग नाही आला, शप्पथ. लाज वाटली. परत यायची हिंमतच होईना, म्हणून इथे दडून बसले. दुखल्यावर तोंडात कोण येतं ते कुणी शिकवून येत नाही, आणि मावशीनं ते नऊ वर्षं तुझ्या उशाशी बसून कमावलंय. काल सही केली. कागद सोबत आहे. त्यात ‘संमतीचे कारण’ असा एक रकाना होता. तिथे नोकरीबद्दल काही लिहिलं नाही. ‘मुलीला लागलं की ती मावशीला हाक मारते’ एवढंच लिहिलंय. कारकून हसला तर हसू दे.

तुझीच,
आई