कंबर काही सरळ येईना

२ मार्च, सोमवार.
हाडांच्या डॉक्टरांनी ढेरपोट्याचा एक्स-रे परत पाठवला. ढेरपोट्या म्हणजे पोस्टातल्या बाईंचा म्हातारा कुत्रा. शेरा: 'कंबर फिरलेली. पुन्हा काढा.' चौदा वर्षं मी या खोलीत कुत्र्या-मांजरांचे एक्स-रे काढतोय. राग आला नाही. हल्ली येत नाही.

३ मार्च.
झोपेचं इंजेक्शन देऊन ढेरपोट्याला उताणा निजवला. मागचे दोन्ही पाय मी धरून ओढले, मदतनीस मावशीने बटण दाबलं. पाय समांतर हवेत, गुडघ्याच्या वाट्या वर, आणि कमरेच्या हाडातली दोन्ही भोकं सारखी. डावं लहान आलं, म्हणजे कंबर फिरलेलीच. कुत्रा हलला असणार. मोठे डॉक्टर म्हणाले, तो तर घोरत होता. घोरणं म्हणजे हलणंच की.
हाडांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. आता वीस तारखेला. सरळ एक्स-रे नसेल तर ऑपरेशन करणार नाहीत. ढेरपोट्याला स्वतः उठता येत नाही; बाई पोटाखालून टॉवेल घालून त्याला उभा करतात. अजून महिनाभर हे बरं नव्हे. संकल्प: उद्या एका फटक्यात सरळ.

४ मार्च.
पाठ दुखत होती. परवा बघू.

६ मार्च, दुपारी.
गाडीखाली सापडलेलं मांजर. डावं भोक लहान. पण मांजर कधी सरळ झोपल्याचं कुणी ऐकलंय?

९ मार्च.
टेबल वाकडं आहे. मिस्त्रीला बोलावलं. त्याने पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये. टेबल झकास आहे म्हणाला. पाणसळ जुनी वाटली.
घरी बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

१२ मार्च, सकाळी ७.१०.
उलगडा झाला! ढेरपोट्या, मांजर, कालचा बॉक्सर कुत्रा, सगळ्यांची कंबर एकाच बाजूला. हा रोग आहे. पुस्तकात नाही. निबंध लिहायचा. रोगाला माझं नाव द्यावं का, यावर बराच विचार केला. द्यावं.
मावशीला सांगितलं. ती म्हणाली, रोग कसला, तुमचा एक हात जास्त ओढतो, बटणापाशी उभी राहून रोज बघते मी. कपाटात वाळूच्या पिशव्या आणि प्राणी सरळ ठेवायची खोबणीची गादी पडून आहे, ती घ्या म्हणाली. ते नवशिक्यांसाठी. संशोधन सगळ्यांनाच कळतं असं नाही.

१६ मार्च.
ढेरपोट्याचा तिसरा एक्स-रे. वाकडा. बाईंनी विचारलं, शुक्रवारी होईल ना हो? होईल म्हणालो. कुत्र्याने माझं मनगट चाटलं. काही वाटलं नाही.
निबंधाचं पहिलं वाक्य झालं.

१९ मार्च, गुरुवार.
पुराव्यासाठी कमरेचे जुने एक्स-रे बाहेर काढले. एकूण एकेचाळीस. चाळिसांत डावं भोक लहान. वा! एकच सरळ. निबंधात तुलनेला एक निरोगी प्राणी लागतोच, तोही मिळाला. तारीख टिपून घ्यायला पाकीट उलटं केलं. त्या दिवशी मी रजेवर होतो. खाली मावशीची सही.
डबा खाल्ला. डबा धुतला. अजून काही वाटत नव्हतं, म्हणून पुन्हा मोजले. चाळीसच.

२० मार्च.
मावशीला म्हटलं, तू कर. तिने ढेरपोट्याला खोबणीत ठेवलं, पाय पट्टीने जुळवले, पिशव्या लावल्या, मला दाराबाहेर काढलं आणि एकदा बटण दाबलं. दोन्ही भोकं सारखी. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि ते ऑपरेशनसाठी हात धुवायला गेले.
चार वाजता ढेरपोट्या शुद्धीवर आला. शेपटी हलवली. पोस्टातल्या बाई रडतरडत माझ्याकडेच आल्या. म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे हो.
मी म्हणालो, हो.
मावशी तिथेच पिशव्या पुसत होती.